कुलूप कोणाचें आणि हक्क कोणाचा?

मुलगा नाशिकास कॉलेजांत घातला कीं त्याच्या पुस्तकांत नीतिशास्त्र व राज्यशास्त्र येतें. लॉक, कांट, मिल हीं नांवें तो पाठ करतो आणि परीक्षा झाली कीं विसरतो. बाप घरीं विचारतो, 'ह्या साहेबांनीं आपल्या कांद्याला भाव दिला काय?' बापाचा प्रश्न वेडा नाहीं. पण दोष पुस्तकांचा नसून शिकविण्याच्या रीतीचा आहे, असें आमचें मत आहे. हें शास्त्र शिकावयास विलायतेकडे तोंड करावयास नको. पंचवटींत काळारामाच्या दारापर्यंत चालत गेलें तरी पुरे.

ता. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्य बांधवांची मोठी मिरवणूक त्या दारीं गेली. दारें बंद होतीं. दुसरे दिवसापासून स्त्रीपुरुष दारांशीं जाऊन बसले. दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिककर पुढाऱ्यांनीं तो लढा पुढें पांच वर्षें नेटानें चालविला. देऊळ कांहीं उघडलें नाहीं. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं ह्याच जिल्ह्यांत, येवल्यास, डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली.

आंतल्यांचें म्हणणें, रूढि अशी आहे. बाहेरच्यांना हें पक्कें ठाऊक होतें कीं देवदर्शनानें भाकर मिळत नाहीं. त्यांचा सवाल एवढाच कीं, तुम्ही आम्हांस माणूस समजतां कीं नाहीं? पुस्तकांतला मूळ तंटा तरी दुसरा कोणता? हक्क ही कोणीं द्यावयाची भीक, कीं माणसाबरोबर जन्मास येणारी वस्तु? थॉमस पेन यानें १७९१ सालीं दुसऱ्या बाजूनें कौल दिला, आणि जोतीराव फुल्यांनीं तरुणपणींच त्याचा ग्रंथ वाचला. कांट यानें १७८५ सालीं लिहिलें कीं माणसाला केवळ साधन म्हणून वापरूं नये. साधन म्हणजे काय, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. औत, मोट, पाभर हीं साधनें. ज्याच्याकडून मेलेलें जनावर ओढवून घ्यावयाचें, पण ज्याला देवळाच्या पायरीशीं उभें करावयाचें नाहीं, त्याला गांवानें पाभरीच्या ओळींत बसविलें. पाभरीला निदान खंडेनवमीस हळदकुंकू तरी लागतें!

१९४७ सालीं मुंबई इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि १९५० पासून राज्यघटनेनें अस्पृश्यता मोडीत काढली. येथवर वाचून आमचे वाचक भटजीकडे बोट दाखवून मोकळे होतील. थांबा. देवळाची किल्ली त्याच्या कमरेला असेल, पण गांवच्या विहिरीवर डोळे वटारून कोण उभें होतें? पुष्कळ गांवीं आपणच. पाटील, कुणबी, माळी. समता वरच्याकडून मागावयाची आणि खालच्यास द्यावयाची वेळ आली कीं रूढि आठवावयाची, हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं.

आणि आज किल्ली कोणाजवळ आहे? २००५ सालच्या कायद्यानें वडिलार्जित जमिनींत मुलीचा वांटा मुलाइतकाच केला. तरी बाप गेला कीं बहिणीस सब-रजिस्ट्रारच्या कचेरींत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. भाऊ म्हणतो, ती राजीखुशीनें देते. सहीस नकार दिला तर माहेरची वाट बंद, दिवाळीचें बोलावणें बंद, हें तिला कोणीं न सांगतां कळतें. धाकानें घेतलेलें वचन बांधील नाहीं, हें लॉक यानें सतराव्या शतकांतच लिहून ठेवलें. बायकांची राजीखुशी धाक व वळण यांतून कशी घडवितात, हें मिलनें १८६९ सालीं उघडें केलें. परीक्षेंत आमचा मुलगा ह्यावर दहा गुणांचें उत्तर लिहितो, आणि घरच्या सातबाऱ्यावर आत्याचें नांव नाहीं!

तेव्हां सुटींत तो घरीं आला म्हणजे बापानें त्याला विचारावें, राजीखुशी म्हणजे काय रे? आत्या सणाला येईल तेव्हां तिच्यासमोरच विचारावें.