कानाचे गाणे, कंठाचे गाणे

एखादे गाणे लोकप्रिय आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात नेमके काय असते? ते पुष्कळ लोक ऐकतात एवढेच, की ते पुष्कळांना गाताही येते? वरवर पाहता दोन्ही गोष्टी एकच वाटतील. परंतु १९६० ते १९७० या दहा वर्षांतील मराठी गाण्यांकडे नीट पाहिले, म्हणजे या दोहोंतील अंतर ध्यानात येते.

तो काळ मराठी सुगम संगीताच्या भरभराटीचा होता, यात शंका नाही. त्याची पूर्वतयारी आधीपासून चालली होती. आपल्या विदर्भातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली, तेव्हा कवितेचे किती सुंदर गाणे होऊ शकते, हे मराठी माणसाला कळले. पुढे १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांच्या चाली आणि दर आठवड्याला एक नवे गीत! त्यानंतरच्या दशकात ट्रान्झिस्टर खेडोपाडी पोहोचला आणि ज्या घरात वीज नव्हती, त्या घरातही गाणे शिरले. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर यांतून ‘शुक्रतारा’ हे गीत जन्मले, ते याच काळात. रंगभूमीही मागे नव्हती. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आले आणि १९६७ साली नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचे ‘कट्यार काळजात घुसली’. दोन्हींचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. पूर्वीची पदे रात्र रात्र रंगत. अभिषेकींनी त्यांना आटोपशीर रूप दिले.

या सर्व गाण्यांनी मराठी कानाला फार मोठे वैभव दिले. शब्द स्पष्ट उच्चारावा, अर्थाला धक्का लागेल तेथे तान घेऊ नये, ही शिस्त भावगीताने आपल्याला शिकविली. पण भावगीत हे मुळात एका माणसाचे मनोगत असते. मायक्रोफोन समोर असल्यामुळे गायकाला आवाज चढवावा लागत नाही. जणू तो तुमच्या कानाशीच बोलत असतो. ऐकणाऱ्याने गप्प बसावे, हीच त्याची अपेक्षा असते. ‘शुक्रतारा’ शंभर जणांनी एका सुरात म्हणून पाहावे! त्यातील कोवळीक पहिल्या ओळीतच नाहीशी होईल.

आता याच दशकात आमच्या सेवाग्रामच्या परिसरात आणखी कोणते गाणे चालले होते, ते पाहा. १९३६ साली गांधीजी येथे राहावयास आले, तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. आश्रमात सकाळ-सायंकाळ उघड्या आकाशाखाली प्रार्थना होई. ती आजही होते. त्याच वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून तुकडोजी महाराज आश्रमात आले. त्यांच्या हाती खंजिरी असे. १९६८ साली मोझरी येथे त्यांचे देहावसान झाले, तोपर्यंत वर्धा, अमरावती, नागपूर या जिल्ह्यांतील गावागावांतून त्यांची भजने घुमत होती. एकाने ओळ म्हणावी आणि सगळ्यांनी ती उचलावी, अशी ही रीत. नांगर धरणारा, दळण दळणारी, शाळेत जाणारा पोर, सारे त्यात सामील. गोड गळा असलाच पाहिजे अशी अट नाही. खंजिरीचा ठेका सर्वांना धरून ठेवतो. लोकप्रिय गीतांची यादी करावयास बसलो, म्हणजे ही भजने आपण सहसा वगळतो. हे मला न्यायाचे वाटत नाही.

कोणी म्हणेल, ‘ती भक्ती आणि ही कला, दोहोंची तुलना कशाला?’ याला खळे यांचेच उदाहरण पुरेसे आहे. ज्यांनी ‘शुक्रतारा’ला चाल दिली, त्यांनीच नागपूरचे कवी राजा बढे यांच्या ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ या गीतालाही चाल दिली. ते गायिले शाहीर साबळे यांनी. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले, त्या दिवसांतील हे गीत २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. येथे चाल ठसठशीत आहे, आघात पक्के आहेत आणि आवाज मिसळत जावेत तसा तिचा जोर वाढतो. कोणते गाणे कानासाठी आणि कोणते कंठासाठी, हे खळे पुरते जाणत होते. दोन्ही ठिकाणी त्यांची कला तेवढीच सच्ची आहे.

आपल्याकडे मात्र पहिला प्रकार वाढत गेला आणि दुसरा आटत चालला आहे. लग्नघरी ओव्या म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. तेथे आता ध्वनिक्षेपक ओरडतो. प्रत्येकाच्या खिशात हजारो गाणी आहेत. पण चार ओळी म्हणून दाखव म्हटले, की मूल लाजून आईकडे पाहते. याहून मला बोचते ती गोष्ट निराळीच. काही शाळांतून राज्यगीतदेखील यंत्रावर लावतात आणि मुले ओठ मिटून रांगेत उभी राहतात. जे गीत गर्जावयाचे, तेच मुक्याने ऐकावयाचे! सूर चुकतील, बेसूर ऐकू येईल, ही शिक्षकांची भीती मी समजू शकतो. पण चुकले तर काय बिघडेल? गणिताचे उत्तर चुकेल म्हणून आपण मुलांच्या हातची पाटी काढून घेत नाही.

तेव्हा भावगीते अवश्य ऐकावीत. रात्री, निवांतपणे, शब्दांकडे लक्ष देऊन. सकाळी शाळेच्या प्रांगणात मात्र यंत्र बंद ठेवावे आणि मुलांना गाऊ द्यावे. पेटी वाजविणारे गुरुजी नसले, तर खंजिरीवरही काम भागते, आणि ती फारशी महागही नसते.