येळवशीचे बोलावणे



मागील वर्षी मार्गशीर्ष अमावास्येची सुट्टी संपल्यावर आम्ही सहावीच्या वर्गाला निबंधाचा विषय दिला, 'आमची येळवस'. वह्या तपासताना सगळीकडे तेच आनंदाचे वर्णन आढळले. कडब्याची खोप, चुन्याने रंगवलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, मडक्यातील आंबील. एका मुलीच्या वहीत मात्र एकच ओळ होती. आमचे शेत नाही म्हणून आम्ही घरीच होतो.

विषय देताना आम्ही विचार केला नाही, ही चूक आमची. येळवस म्हणजे ज्याला शेत नाही त्याचाही सण, असे आम्ही परिपाठात दरवर्षी सांगत आलो. आमच्या लहानपणी ते खरेही होते. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून पंगतीला बसवीत, आणि तो जेवल्याशिवाय गेला तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना चैन पडत नसे. आता गाड्या भरून सगेसोयरे व ओळखीचे साहेब शेतावर जातात, फोटो निघतात, आणि शेजारचे बिनशेतीचे घर गावात मागे राहते. शेत विकलेली, हैदराबाद-पुण्याकडे कामाला जाऊन येणारी कुटुंबे आमच्याच शाळेत कितीतरी आहेत.

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे देण्यासाठी 'दान' हा एकच शब्द आम्ही गिरवला. देण्याचे दुसरे शब्द याच मातीने शिकवले. आज तुझे बैल माझ्या शेतात, उद्या माझे तुझ्या शेतात, ही सावड. बाराव्या शतकात बसवकल्याणला बसवण्णांनी कायक आणि दासोह सांगितला. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. दासोहात देणारा स्वतःला सेवक मानतो. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर 'महादासोही' म्हणून ओळखले जातात ते यामुळेच. बिदरला नानक झिरा साहिबच्या लंगरमध्ये आजही सर्व जण एकाच ओळीत बसून जेवतात. आणि दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे उघडणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कोणत्या मराठी घराला ठाऊक नाही?

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. फिलिपीन्समध्ये शेजाऱ्याचे हलके बांबूचे घर गावकरी खांद्यावर घेऊन नव्या जागी नेत. त्याला ते 'बायानिहान' म्हणतात. घरमालकाने सर्वांना जेवू घालावे, एवढाच मोबदला. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, तेथील केसोन शहरात एका तरुणीने रस्त्याच्या कडेला एका गाड्यावर भाजी, तांदूळ वगैरे ठेवले. जमेल त्याने ठेवावे, लागेल त्याने न्यावे, अशी व्यवस्था. नाव विचारायला कोणी नाही. पाहता पाहता त्या देशात जागोजागी तसे गाडे उभे राहिले.

देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरण्यास आमचा विरोध नाही. त्याशिवाय शाळेची इमारत उभी राहत नाही, हे विश्वस्तांइतकेच आम्हीही जाणतो. परंतु सर्वच देणे भिंतीवर लिहू लागलो, तर घेणाऱ्याचेही नाव आपोआप लिहिले जाते. मागील वर्षी त्या मुलीने ते स्वतःच्या हाताने लिहिले.

म्हणून यंदा आमची एक विनंती आहे. ज्यांचे शेत आहे त्या पालकांनी आपल्या पाल्याच्या वर्गातील, शेत नसलेल्या एका कुटुंबाला येळवशीला न्यावे. 'गरीब' म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून. जात किंवा भाषा पाहू नये. कानडी घर असेल तर उत्तमच, त्यांचीही एळ्ळ अमावास्या तीच आहे. पाहुण्यांना हात रिकामे नको वाटत असतील तर त्यांनी खोप बांधू लागावे, विहिरीचे पाणी आणावे.

याची यादी होणार नाही, फलकावर नाव लागणार नाही, स्नेहसंमेलनात सत्कारही नाही. वर्गशिक्षकांना सांगण्याचीही गरज नाही. फक्त आंबिलीचे मडके या वेळी थोडे मोठे घ्यावे.