आवाजाची पेढी

व्यापारी घराण्यातील मुलाने वा मुलीने आवाजाच्या व्यवसायात जाण्याची इच्छा व्यक्त केली, की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो : यात निश्चित उत्पन्न कोठून येणार? प्रश्न रास्त आहे. जाहिराती, डबिंग, माहितीपट यांना आवाज देणारा स्वतंत्र कलावंत पगारदार नसतो. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कंठात जितके आहे, तितकेच त्याच्या खातेवहीतही आहे.

दुकानाला कॅश क्रेडिट देताना बँक उधारीची यादी मागते. निम्मी उधारी एकाच गिऱ्हाइकाकडे अडकलेली दिसली, तर उलाढाल कितीही मोठी असो, अधिकारी सावध होतो. हीच कसोटी येथे लावावी. समजा, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये असून त्यापैकी ५ लाख एकाच स्टुडिओकडून येतात. त्या स्टुडिओने काम थांबवताच ६० टक्क्यांहून अधिक मिळकत बंद होते.

मात्र केवळ गिऱ्हाइकांची संख्या वाढवून भागत नाही. चार गिऱ्हाइके एकाच बाजारातील असतील, तर मंदीत चौघेही एकदमच हात आखडतात. जाहिरातींचे काम दसरा-दिवाळीपूर्वी दाटते. बोलक्या पुस्तकांचे काम संथ असते, पण अनेक दिवस पुरते. बँका व रुग्णालयांच्या दूरध्वनीवरील सूचना हे छोटे काम; तथापि मजकूर बदलला की पूर्वीचाच आवाज पुन्हा हवा असतो. अशा निरनिराळ्या ऋतूंची कामे हाताशी असावीत. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या गीतमालेने अमीन सायानी घराघरांत पोहोचले. तरीही त्यांनी जाहिराती, प्रायोजित कार्यक्रम आणि रंगमंचीय निवेदन ही कामेही केली.

वसुलीची शिस्तही तितकीच महत्त्वाची. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु सेवा-पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि मुदत ठरलेली नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. परंतु ज्याचे घर एकाच गिऱ्हाइकावर चालते, त्याला कायदा ठाऊक असूनही तगादा लावण्याचे धैर्य होत नाही.

याच दुबळेपणाची किंमत आता अधिक वाढली आहे. आवाजाचे नमुने घेऊन संगणकाकरवी तोच आवाज वाटेल तितका वापरण्याची मुभा करारातील एखाद्या कलमात दडलेली असू शकते. एकदा सही झाली, की कलावंताचे भांडवलच दुसऱ्याच्या हाती जाते. गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाच्या अशा कृत्रिम वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्यांना अंतरिम संरक्षण दिले. पण प्रत्येक नवोदिताला न्यायालयापर्यंत जाणे परवडत नाही. त्याचे संरक्षण म्हणजे सहीपूर्वी ते कलम खोडून मागणे. आणि ते मागणे त्यालाच शक्य होते, ज्याच्याकडे दुसरे काम आहे.

म्हणून दर मार्चअखेर गिऱ्हाईकवार उत्पन्नाची यादी करावी. कोणाही एकाचा वाटा एकतृतीयांशाहून अधिक दिसला, तर त्याचे काम सोडू नये. परंतु पुढील तिमाहीत निराळ्या क्षेत्रातील नवे गिऱ्हाईक अवश्य जोडावे. वडीलधाऱ्यांनीही मुलाला केवळ मायक्रोफोन घेऊन न देता ही यादी ठेवण्यास शिकवावे. व्यापारी घरात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहेच.