मुक्काम किती दिवस?

परवाच्या रविवारी चेंबूरहून हार्बर पकडली आणि रे रोडला उतरून घोडपदेवला आईकडे गेले. निमित्त होतं व्हिसाच्या फॉर्मचं. धाकट्या बहिणीला न्यू जर्सीत पहिलं बाळ होणार आहे आणि आईने तिकडे सहा महिने जायचं असं ठरलंय. कोणी ठरवलं म्हणाल, तर आईने सोडून सगळ्यांनी!

अमेरिकेच्या व्हिसाचा तो डीएस-१६० नावाचा फॉर्म आपल्या आईला शेजारी बसवून एकदा तरी भरावा. करमणूक होते आणि थोडं शहाणपणही येतं. "तुम्ही कधी दुसरं नाव वापरलं आहे का?" असा त्यात एक प्रश्न आहे. आईचं लग्नात आडनावच नाही, पाळण्यातलं नावही बदललेलं. ते मी टाइप केलं तेव्हा बाबांनी पेपरातून मान वर काढली आणि म्हणाले, "अरे, हो की!" पुढे विचारलं होतं, तुम्ही कुठल्या टोळीचे किंवा जमातीचे आहात का? आई म्हणाली, "आपली भावकी चालेल का?" मग दहशतवाद, मनी लाँडरिंग, बालसैनिक वगैरे. मी मराठीत वाचायची आणि आई प्रत्येक प्रश्नाला गंभीरपणे "नाही गं बाई" म्हणायची. चष्मा काढून फोटो काढायचा, याचं मात्र तिला जास्त वाईट वाटलं. चष्म्याशिवाय ती स्वतःलाच ओळखत नाही.

तोपर्यंत शेजारच्या काकूंना खबर लागली होती. आमच्या चाळीत व्हिसाचे सल्ले पाण्याच्या वेळेसारखे सर्वांना पाठ. एफडीच्या पावत्या न्या, सीएचं सर्टिफिकेट न्या, घराचे कागद न्या. आणि हो, "बाळंतपणाला चालले असं सांगू नका, नायगारा बघायला चालले म्हणा!"

आता घराचे कागद म्हणजे काय, तर आमची खोली पागडीची. बाबांनी गोदीत उभी हयात काढली, बीपीटीतून निवृत्त झाले, पेन्शन मिळतं. पण मालकीचं असं घर नाही, भाडेपावत्यांची एक चळत आहे. लहानपणी जवळच्या दारूखान्यात परदेशी जहाजं मोडायला यायची, ती बाबा आम्हाला दाखवायला न्यायचे. ती कुठून कुठून आली असतील याच्या गप्पा मारायचे. स्वतः कधी समुद्रापलीकडे गेले नाहीत. अशा माणसाच्या बायकोने 'मी परत येईन' हे कागदावर सिद्ध कसं करायचं?

कारण नियमच तसा आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातल्या २१४(बी) कलमानुसार पर्यटक व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरतात, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं असतं. वाचलं तेव्हा मला राग आला होता. सदुसष्ट वर्षांची माझी आई तिकडे लपून काय करणार आहे? पण दोन दिवसांनी वाटलं, परक्या माणसाने परका प्रश्न विचारला तर त्यात रागावण्यासारखं काय? घरच्यांनी जो विचारायचा तो तरी कुठे विचारला?

नायगाराच्या सल्ल्याबद्दल आधी सांगते. तो मला अजिबात पटला नाही. आईला मिळेल तो बी-२ व्हिसा. नाव पर्यटकाचं असलं तरी नातेवाइकांना भेटायला जाणं त्यात रीतसर बसतं. नोकरी करता येत नाही, बस्स. मग लेकीला भेटायला चाललेल्या बाईने धबधब्याच्या नावाने खोटं का बोलावं? आणि अधिकाऱ्याने धबधब्याबद्दल उलट प्रश्न विचारला तर आई तिथेच खरं सांगून मोकळी होईल, हेही मला ठाऊक आहे.

तर, फॉर्म भरता भरता आम्ही 'मुक्काम किती दिवस?' या रकान्याशी आलो. मी बोलत बोलत सहा टाइप केलं, पुढे 'महिने' निवडलं. आई हळूच म्हणाली, "तीन लिही ना."

बाबा परत पेपरात गेले होते. मीही स्क्रीनकडेच बघत राहिले. मग तिने एकेक सांगितलं. बाबांना दोन स्टेंट आहेत. त्यांच्या जुन्या दुखण्यासकट विमा परवडण्यासारखा मिळत नाही, म्हणून ते येणार नाहीत. त्यांना चहापलीकडे काही करता येत नाही आणि रात्रीची गोळी आठवण केल्याशिवाय ते घेत नाहीत. "आणि तिकडे थंडीत दार लावून दिवसभर बसायचं. बाळ झोपलं की मी कोणाशी बोलू?" शेवटी म्हणाली, "तिला नाही म्हणू नकोस हां. मी जाईन सहा महिने. आपलं सहज बोलले."

मंडळी, हे सहा महिने आले कुठून? व्हिसा आपल्याला बहुधा १० वर्षांचा मिळतो, पण एका फेरीत किती राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि बहुतेकदा सहा महिन्यांची मिळते. ही जास्तीत जास्त मुदत, पण आपण तिचा रिवाजच करून टाकला! सहा महिने मुलीचे आईवडील, ते परतले की सहा महिने मुलाचे. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हेच वेळापत्रक आहे.

बहिणीची बाजू खोटी नाही. तिकडे १९९३ च्या कायद्याने बाळंतिणीला १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि ठरावीक अटींत बसलं तरच. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, सगळ्यांच्या वाट्याला येत नसली तरी. २६ आठवडे म्हणजे सहाच महिने की! म्हणजे तिथला कायदा आईला जे देत नाही ते आपण आजीकडून घेतो, आणि त्याला पर्यटन म्हणतो. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी यायची. आता माहेरालाच व्हिसा काढून लेकीकडे जावं लागतं. त्याला माझी हरकत नाही. आईचीही नाही. न विचारता मुदत ठरवायला हरकत आहे.

रात्री बहिणीला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, तिने मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तू विचारलंस कधी?" बोलून गेले आणि लक्षात आलं, विचारलं तर मीही नव्हतं. सहा टाइप करणारी बोटं माझीच होती. बहीण थोडी रडली. मग आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. आईने बाळ झाल्यावर तीन महिने राहायचं, पुढचं तिच्या सासूबाईंना विचारून. हुकूम नाही, विचारून! बाळ चार-पाच महिन्यांचं झाल्यावर पाळणाघर लागेल आणि त्याचा खर्च मोठा आहे. त्यातला थोडा वाटा मी उचलीन म्हटलं. तेवढ्याने भागणार नाही हे तिलाही कळतं आणि मलाही.

माझं म्हणणं एवढंच, की हा फॉर्म सरकारकडे पाठवण्याआधी घरी एकदा मोठ्याने वाचावा. मुक्काम किती दिवस, खर्च कोण करणार, परत कधी येणार, मागे कोण राहणार. जायचं ज्याला आहे त्याने उत्तर द्यावं आणि बाकीच्यांनी मध्ये बोलू नये.

मुलाखतीची तारीख अजून घ्यायची आहे. व्हिसा मिळेल न मिळेल, बघू. परत का येणार असं विचारलं तर काय सांगशील, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "यांची गोळी असते ना रात्रीची."

रकान्यात ९० दिवस लिहिलंय.