श्रद्धेला पैकीच्या पैकी

गेल्या महिन्यात वसईतल्या आमच्या चर्चच्या आवारात पालकांची सभा झाली. तीत एक सद्गृहस्थ उठले आणि पाऊण तास बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कॅथलिक शाळा आता पाटीपुरत्या कॅथलिक उरल्या आहेत. पूर्वी वर्गावर सिस्टर असत, रोज धर्माचा तास होई आणि मुलं देवभीरू निपजत. आता निम्मी बाकं परधर्मीयांची, शिक्षकही तसेच, म्हणून आपली पोरं मिस्सेला येत नाहीत. उपाय तीन. जागा आधी आपल्यांना, धर्माचा तास रोज, आणि त्या विषयाची लेखी परीक्षा; गुण प्रगतिपुस्तकात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हातात चहाचा कप होता.

लेखी परीक्षा! म्हणजे श्रद्धा : शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर. आशा : बरी. प्रीती : सुधारणेस वाव. काठावरच्यांना ग्रेस मार्क शाळेने द्यायचे, की ग्रेस देण्याचं खातं देवाकडेच राहू द्यायचं, तेवढं सभेत ठरलं नाही.

सद्गृहस्थांना वाटतं ही त्यांची नवी कल्पना आहे. मी शिकलो त्या शाळेत ही परीक्षा होती. सात संस्कार, दहा आज्ञा, सगळं पाठ. एखादा संस्कार विसरला की फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर. दृढीकरणाचं नाव मला आजही आधी पेरांतून आठवतं, मग डोक्यातून. आमच्या वर्गात दरवर्षी पहिला येणारा एक मुलगा होता. चोरी करू नये ही सातवी आज्ञा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नये ही दहावी, दोन्ही तो झोपेतही सांगायचा. बक्षीस म्हणून मिळालेली पवित्र मरियेची तसबीर त्याच्या ओटीवर कितीतरी वर्षं होती. पुढे याच मुलाने बँकेचे कागद आहेत असं सांगून दोन बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या आणि बापाची केळीची वाडी बिल्डरला विकली. ओटी गेली तेव्हा तसबीरही गेली. आता यावरून धर्मात नापास झालेलं बरं, असं मी म्हणत नाही. मी स्वतः काठावर पास व्हायचो आणि माझंही फारसं काही भलं झालेलं नाही. पण त्या परीक्षेला कोणीही बसवलं नव्हतं अशी माणसं मी पाहिली आहेत. आमची आजी शाळेची पायरी चढली नाही. पहाटे भाजीची पाटी घेऊन लोकलने मुंबईला जायची, आणि दार धरून उभी असतानाही तिची बोटं जपमाळेच्या मण्यांवर चालू असायची. संध्याकाळी दिवा लागला की घरातला लहानथोर गुडघ्यावर. धर्माचा तास म्हणतात तो हाच. त्याला घंटा नव्हती.

हे मी पदरचं सांगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर 1965 मध्ये ख्रिस्ती शिक्षणावर जाहीरनामा काढला, त्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईबाप आहेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. शाळेचं काम त्यांना हातभार लावण्याचं. सद्गृहस्थांच्या घरी संध्याकाळी सातला रोझरी असते की मालिका, हे मी सभेत विचारणार होतो. बायकोने दंड धरला.

बाकीचं एकेका ओळीत. परधर्मी मुलांनाही थोडं ऐकवावं, असं ते ओघात म्हणून गेले; राज्यघटनेचं कलम 28 सांगतं की सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीवाचून कुणालाही धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. आणि फक्त आपल्या मुलांवर शाळा चालवायच्या, तर 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती, सगळे पंथ धरून, शेकडा एकही भरत नाहीत. वसईतले चार वर्ग भरतील, विदर्भातल्या शाळांना कुलपं.

मात्र एका गोष्टीबद्दल मला जुनं उट्टं काढायचंच आहे. मराठी शाळा बंद करून इंग्रजी करा, नाहीतर आम्ही मुलं दुसरीकडे घालतो, असं तीस वर्षांपूर्वी याच आवारात, अशाच आवाजात, कोण सांगत होतं? मी तेव्हाही भांडलो आणि तेव्हाही हरलो. आज त्यांचा नातू मिस्सेत मराठी गीतांचं पुस्तक उलटं धरतो. आजी कादोडी बोलीत विनवते, नातू इंग्रजीत देवाला थँक यू म्हणतो, आणि मधला बाप विचारतो, श्रद्धा गेली कुठे? फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी मराठी शिकून दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि 1616 मध्ये ते गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. इंग्रजाला जे कळलं ते आमच्या पालकसभेला कळायला अजून वेळ आहे.

मग शाळेने करायचं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही. शाळा जशी वागते तसं मूल घडतं, एवढंच मला ठाऊक आहे. सफाई करणाऱ्या बाईची मुलगी आणि डॉक्टरांचा मुलगा एका बाकावर बसतात का, फी थकलेल्या मुलाला सगळ्यांदेखत उभं करतात का, प्रवेशाच्या वेळी पाकीट चालतं का, हे मुलं बरोबर टिपतात. ईदचा शिरखुर्मा ज्या वर्गात वाटून खाल्ला जातो त्या वर्गात शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही. त्या निम्म्या परधर्मी बाकांनी कॅथलिक मुलाचं नुकसान केलं, असं एक उदाहरण मला कोणी दाखवावं.

उरला धर्म. त्यासाठी रविवारची धर्मशिकवणी आहेच. चौथीच्या आणि सहावीच्या वर्गाला जूनपासून शिक्षक नाही. दोन्ही वर्ग एकत्र बसतात आणि एकच कॉलेजकुमारी ते सांभाळते. मिस्सा साडेआठला सुटते, वर्ग पावणेनऊला भरतो. सद्गृहस्थांनी पाऊण तास बोलण्याची ताकद दाखवलीच आहे, आणि वर्गही पाऊण तासाचाच असतो. नाव कार्यालयात द्यावं. खडू मी आणून ठेवतो.