बिनराज्याची राणी

गेल्या दिवाळीत फराळाची ताटे पुढे आली आणि आमच्या पुतण्याने चकली मोडता मोडता एक बातमी सोडली. अमेरिकेत १९७७ साली पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने एका बाईची निवड केली होती! "आहे की नाही कमाल, आत्या?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी धाकटी बहीण कॉलेजात हाच खेळ खेळायची. ती शांतपणे म्हणाली, "बरं, मग ती खेळली का?"

पुतण्याची चकली हातातच राहिली.

उत्तर मी नंतर शोधून काढले. नाही, ती खेळली नाही. माझे भांडण तिच्याशी नाही. ती न खेळलेली निवडच तिच्या आयुष्याचा कळस म्हणून सांगणाऱ्यांशी आहे.

तिचे नाव लुशिया हॅरिस. जन्म १९५५ चा, मिसिसिपी राज्यातल्या मिंटर सिटी या खेड्यातला. कृष्णवर्णी शेतकरी कुटुंब, अकरा भावंडांत ही दहावी. लहानपणी तिने कापूस वेचला. रात्री निजायची वेळ टळून गेल्यावर गोधडीखालून टेलिव्हिजनवर ऑस्कर रॉबर्टसनचा खेळ चोरून पाहिला. पुढे उंची सहा फूट तीन इंचांवर गेली. शाळेत त्या उंचीची थट्टा झाली. मैदानावर तीच उंची कामाला आली.

ज्या डेल्टा स्टेट कॉलेजात ती गेली, तिथली कथा ऐकण्याजोगी आहे. १९३०च्या दशकाच्या आरंभी तिथला मुलींचा संघ बंद करण्यात आला होता. कारण काय, तर हा खेळ मुलींना झेपायचा नाही! मार्गारेट वेड नावाची एक खेळाडू तेव्हा त्या संघात होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी आपले खेळाचे कपडे जाळले. १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. १९७३ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला आणि साठीतल्या त्याच वेडबाई प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या हाताखाली लुशिया आली. संघात ती एकटीच कृष्णवर्णी.

मग पाहा काय झाले. १९७५, १९७६, १९७७ अशी ओळीने तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद. तिच्या चार वर्षांत संघाने १०९ सामने जिंकले, हरले अवघे सहा. तिचे स्वतःचे गुण २,९८१. पुरुषांचे बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९३६ सालीच आले होते. बायकांना चाळीस वर्षे थांबावे लागले. १९७६ साली मॉन्ट्रियलला ते दार उघडले, तेव्हा ऑलिंपिकमधल्या महिला बास्केटबॉलचा पहिला गुण लुशियाने केला. सोव्हिएत संघापुढे कोणाचे चालले नाही, पण अमेरिकेला रौप्यपदक मिळाले.

आणि १९७७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सगळे थांबले. कारण पुढे मैदानच नव्हते. अमेरिकेत तेव्हा बायकांची एकही व्यावसायिक लीग नव्हती. होती ती न्यू ऑर्लीन्स जॅझ या पुरुषांच्या संघाने सातव्या फेरीत, १३७ व्या क्रमांकावर केलेली निवड. ती चाचणीलासुद्धा गेली नाही. ती गरोदर होती, आणि पुरुषांच्या धक्काबुक्कीत आपला निभाव लागेल असे तिला वाटत नव्हते.

"मग संधी तिनेच नाकारली ना?" असे म्हणणारे विद्वान मला भेटले आहेत. अहो, भुकेल्याला शेजारच्या लग्नाची पत्रिका दाखवायची आणि तो गेला नाही म्हणून त्याला भूक नव्हती म्हणायचे, यातला हा प्रकार! तिला हवे होते ते बायकांचे मैदान. ते कोणी आखले नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. बायकांच्या खेळाला तिकीट कोण काढणार? १९७५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुलींच्या कॉलेजसंघांचा सामना झाला, तेव्हा सुमारे बारा हजार माणसे आली होती. त्याच मैदानावर १९७७ मध्ये लुशियाने एका सामन्यात ४७ गुण केले. गिऱ्हाईक दारात उभे होते. दुकान उघडायची कोणाची तयारी नव्हती.

पुढे १९७८ मध्ये बायकांची एक लीग निघाली. लुशिया ह्यूस्टनकडून त्यात एक हंगाम खेळली, पण १९८१ मध्ये ती लीगच बुडाली. टिकाऊ लीग १९९७ मध्ये सुरू झाली, तेव्हा लुशिया बेचाळीस वर्षांची होती. मधल्या काळात तिने संसार केला, चार मुले वाढवली, शाळेत शिकवले, मुलींना खेळ शिकवला. १९९२ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरात तिचे नाव लागले. १८ जानेवारी २०२२ रोजी ती गेली. दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' या लघुपटाला ऑस्कर मिळाले. राणी म्हटले खरे, पण राज्य?

आपल्याला जॅझकडे न गेल्याचा पश्चात्ताप नाही, असे तिने स्वतः सांगितले आहे. मग मी का तावातावाने बोलतो? कारण समाधान ही तिची कमाई आहे. समाजाचे देणे फिटल्याची ती पावती नव्हे.

हे सारे भाऊबीजेला मी बहिणीला सांगितले. ती ऐकत होती आणि रांगोळी-चिंचेने आपले जुने चषक घासत होती. लग्नानंतर ते शोकेसमध्ये गेले. दर दिवाळीत आम्ही त्यांचे कौतुक केले, पण "आता तू कुठे खेळतेस?" असे आम्ही भावांनी एकदाही विचारले नाही. विद्वानांच्या त्या रांगेत मीही उभा होतो.

ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, यंदा साडी नको. माझी लेक नववीत आहे. घरात आत्तापासून चाललंय, दहावी जवळ आली, खेळ पुरे. तिला रोज संध्याकाळी मैदानावर नेशील?"

तेव्हापासून रोज साडेपाचला मी कठड्यावर बसलेला असतो. गुडघे कुरकुरतात. पोरगी मात्र बास्केट चुकवत नाही.