विश्लेषण : वावरातला फोटो पुरावा कधी ठरतो?

धाराशिव जिल्ह्यात खरीप म्हणजे प्रामुख्याने सोयाबीन. ते पेरले होते, उगवले होते आणि पाण्यात गेले, या तिन्ही गोष्टी सिद्ध करण्याचे काम आता बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या खिशातल्या मोबाईलवर आले आहे. सातबाऱ्यावरचा पीकपेरा ‘ई-पीक पाहणी’ ॲपमधल्या फोटोने लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम, कळंब या तालुक्यांत अतिवृष्टी आणि पुराने थैमान घातले, तेव्हा जिथे पथक पोहोचू शकत नाही तिथे मोबाईलवर काढलेले फोटोही नुकसानीसाठी ग्राह्य धरू, असे सरकारने जाहीर केले. मग प्रश्न पडतो की फोटो नेमके काय सिद्ध करतो? कॅमेऱ्याच्या आत काय घडते, आणि पुरावा कच्चा राहतो तो कुठे?

पुराव्याची किंमत या जिल्ह्याला का ठाऊक आहे?

२०२० च्या खरिपात काढणीच्या तोंडावर जोरदार पाऊस झाला आणि सोयाबीनचे मोठे नुकसान झाले. महसूल यंत्रणेने पंचनामे केले. पण विमा कंपनीने नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, या कारणावरून बहुसंख्य शेतकऱ्यांना भरपाई नाकारली. पाऊस सुरू, वीज गेलेली, नेटवर्क नाही. अशा वेळी ७२ तासांत सूचना द्यायची कशी, असा साधा सवाल होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना हेक्टरी १८ हजार रुपये देण्याचा तो आदेश होता. त्यानंतरही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आमदार कैलास पाटील यांना याच मागणीसाठी उपोषणाला बसावे लागले.

म्हणजे नुकसान झाले की नाही, यावर वाद नव्हता. वाद होता तो नुकसान कधी आणि कोणत्या मार्गाने कळवले यावर. आजच्या ॲपच्या जमान्यातही नेमके तेच लागू आहे.

ई-पीक पाहणीत फोटोचे काम काय?

पूर्वी गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद तलाठी करत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महसूल आणि कृषी विभागाने टाटा ट्रस्टच्या सहकार्याने ही नोंद राज्यभर शेतकऱ्याच्या हाती दिली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीक पेरा’ ही घोषणा त्या वेळी गावोगाव फलकांवर होती. पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी हे काम जोडले गेले आणि ॲपही बदलले.

शेतकरी गट क्रमांक निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो आणि वावरात उभे राहून ॲपच्याच कॅमेऱ्यातून फोटो काढतो. गॅलरीतला जुना फोटो जोडता येत नाही. फोटोसोबत अक्षांश-रेखांश आणि वेळ जाते. आपण गटापासून लांब उभे असलो तर ॲप तसे सांगते. शेतकऱ्याची मुदत संपल्यावर राहिलेल्या क्षेत्राची नोंद गावात नेमलेले सहायक करतात.

या एका नोंदीवर बरेच काही अडते. हमीभाव केंद्रावर सोयाबीनची नोंदणी करताना चालू हंगामाचा पीकपेरा असलेला सातबारा लागतो. विमा एका पिकाचा आणि नोंद दुसऱ्या पिकाची असेल, तर राज्याच्या पीकविमा आदेशात ई-पीक पाहणीची नोंद अंतिम मानली गेली. २०२३ च्या खरिपासाठी कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५ हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, तेव्हाही आधी हीच अट होती. पीक घेतले पण ॲपवर नोंद नाही, अशांची संख्या इतकी निघाली की २०२४ मध्ये सरकारला ती अट मागे घ्यावी लागली. अट शिथिल झाली हे बरेच झाले, पण दरवेळी ती होईलच याची हमी कोण देणार?

कॅमेऱ्याच्या आत काय होते?

फोनच्या भिंगामागे नखाहूनही लहान अशी सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर कोट्यवधी सूक्ष्म खळगे असतात, म्हणजेच पिक्सेल. प्रकाश पडला की सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या खळग्यांत साठतात. जास्त प्रकाश, जास्त इलेक्ट्रॉन. हा साठा मोजला की त्या ठिपक्याचा उजेड आकड्यात मिळतो. पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवाव्यात आणि नंतर एकेका वाटीतले पाणी मोजावे, तसाच हा प्रकार.

याची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये झाली. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हे उपकरण कल्पिले. त्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९७५ मध्ये कोडॅकमधला तरुण इंजिनीअर स्टीव्हन सॅसन याने सीसीडी वापरून पहिला हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र अवघे १० हजार ठिपक्यांचे, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आजचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याच्या १२०० पट ठिपक्यांचा असतो.

सीसीडी वीज जास्त खात असे. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाने १९९० च्या दशकात सीमॉस सेन्सर विकसित केला, त्यात प्रत्येक पिक्सेलशेजारीच त्याचा संकेत वाढवणारी यंत्रणा बसली. हेतू होता अंतराळयानांसाठी छोटा, कमी विजेवर चालणारा कॅमेरा. तोच पुढे फोनमध्ये शिरला.

रंगांचा भाग शेतकऱ्यासाठी जास्त महत्त्वाचा. सिलिकॉनला रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. कोडॅकचेच ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवली. त्यातल्या निम्म्या गाळण्या हिरव्या, कारण माणसाचा डोळा बारकावे मुख्यतः हिरव्या भागातून टिपतो. उरलेले दोन रंग प्रत्येक ठिकाणी शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे फोटोतला बराचसा रंग मोजलेला नसतो, तो हिशेबाने काढलेला असतो.

त्यावर फोनचे सॉफ्टवेअर आणखी हात फिरवते. अनेक फोनमधले ‘एआय’ छायाचित्रण समोर झाडोरा दिसला की हिरवा रंग गडद करते. लग्नाच्या फोटोला ते चालेल. पण पिवळ्या मोझॅकने पान पिवळे पडले आहे हे दाखवायचे असेल, तर हीच सुविधा शेतकऱ्याच्या विरोधात जाते. नुकसानीचा फोटो फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काढताना एआय आणि ब्युटी बंद ठेवलेलेच बरे. मेगापिक्सेलच्या जाहिरातीकडेही फार पाहू नये. ५० मेगापिक्सेलचे बहुतेक फोन चार ठिपके एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि सोयाबीन ओळखायला तेवढा पुष्कळ आहे.

उन्हात स्क्रीन दिसत का नाही?

दुपारी वावरात फोन उघडला की स्क्रीनवर आपलाच चेहरा आणि आभाळ दिसते. कारण सरळ आहे. साध्या फोनच्या स्क्रीनची चमक साधारण ४०० ते ५०० निट्स असते. भर उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो, आणि काचेवरून त्याचा थोडासाच भाग परत फिरला तरी चित्राला झाकून टाकायला पुरतो. शिवाय स्वस्त फोनमधल्या एलसीडीत पाठीमागच्या दिव्याचा फार थोडा भाग द्रवस्फटिकांचा थर आणि गाळण्यांतून बाहेर पडतो. एलसीडीची पहिली प्रात्यक्षिके अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने १९६८ मध्ये जाहीर केली, ती घड्याळासारख्या उपकरणांना डोळ्यांसमोर ठेवून. भर दुपारचे वावर कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. कोडॅकमधल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. आजचे महागडे ओलेड फोन उन्हात हजार निट्सच्या पुढे जातात, पण ते प्रत्येकाच्या हाती नाहीत.

ही नुसती गैरसोय नाही. स्क्रीन दिसली नाही की गट क्रमांक चुकतो, ‘सोयाबीन’च्या जागी यादीतले दुसरेच पीक दाबले जाते आणि क्षेत्राचा दशांश चिन्हाचा ठिपका हुकतो. नोंद सकाळी करावी, सूर्य पाठीशी असावा, चमक पूर्ण वाढवावी आणि सावलीत येऊन भरलेली माहिती पुन्हा वाचावी.

मग पुरावा कच्चा राहतो कुठे?

चित्र क्वचितच कच्चे असते. कच्ची असते ती त्याला चिकटलेली माहिती. कॅमेरा फोटोसोबत वेळ, फोनचे मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. जपानमध्ये १९९० च्या दशकात ठरलेली एक्झिफ ही ती पद्धत. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती गळून पडते आणि चित्रही आणखी दाबले जाते. हे दाबणे ज्या गणितावर उभे आहे, ते १९७४ मध्ये मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे. त्यांच्या गणितामुळेच टूजीवरही फोटो जातो, हे खरे. पण नुकसानीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकून मूळ फाइल पुसून टाकली, तर उरतो तो तारीख नसलेला, जागा नसलेला एक हिरवा-तपकिरी चौकोन. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा आणि मूळ फाइल फोनमध्ये ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणताना कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. ते मूळ फाइलवरच नीट देता येते.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे जागा. उघड्या आभाळाखाली फोनचे लोकेशन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र नेटवर्क नसेल तर उपग्रहांची माहिती फोनला थेट आभाळातून गोळा करावी लागते. पहिल्यांदा जागा सापडायला मिनिटभर किंवा जास्त वेळ जातो. घाईत फोटो काढला तर फोन आधीचीच जागा धरून बसू शकतो. त्यातही मोठी अडचण फोनची नाही. एका गटात चार भावांची नावे, वाटण्या तोंडी आणि पोटहिस्से मोजलेले नाहीत, अशी स्थिती गावोगाव आहे. कॅमेरा गट दाखवेल. त्यातला पूर्वेकडचा तुकडा कोणाचा, हे त्याला कसे कळावे?

तिसरा दुवा वेळेचा. फोनचे घड्याळ कोणीही मागेपुढे करू शकतो, त्यामुळे खरी भिस्त सर्व्हरवर फोटो पोहोचल्याच्या वेळेवर असते. नेटवर्क नसताना काढलेली नोंद फोनमध्येच पडून राहते आणि शेतकऱ्याला वाटते काम झाले. ‘अपलोड’ झाल्याचा संदेश आल्याशिवाय ते झालेले नसते.

उपग्रह असताना शेतकऱ्याचा फोटो कशाला?

पिकाची तब्येत पाहायला उपग्रह खरे तर फोनपेक्षा सरस. निरोगी पान डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करते. फोनच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश मुद्दाम गाळणी लावून अडवलेला असतो, नाहीतर फोटोचे रंग बिघडतात. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह तो मोजतात, दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या चौकोनात. केंद्रानेही २०२३ पासून पीकविम्याच्या उत्पादन अंदाजात अशा तंत्राला जागा दिली आहे. पण सप्टेंबरमध्ये, म्हणजे नुकसान होते नेमके त्याच दिवसांत, आभाळ ढगांनी भरलेले असते. रडार उपग्रह ढगांआडूनही पाणी साचलेले दाखवतात, मात्र दहा गुंठ्यांत सोयाबीन होते की उडीद, हे ठामपणे सांगणे त्यांना अवघड जाते. तिथे बांधावरून काढलेला फोटोच उपयोगी पडतो.

पाहणीच्या मुदतीआधीच पीक वाहून गेले तर फोटो कशाचा काढायचा, हा प्रश्न मात्र २०२५ च्या पुराने समोर आणला आणि त्याला तांत्रिक उत्तर नाही. नोंदीसाठी शेवटच्या आठवड्याची वाट न पाहणे, एवढेच शेतकऱ्याच्या हाती आहे. चूक झाली तर दुरुस्तीसाठी ॲपने ४८ तासांची सोय दिली होती. त्या अवधीत गावच्या यादीत आपले नाव, गट आणि पीक पाहून घ्यावे.

केंद्राने २०२५ मध्ये ‘क्रॉपिक’ नावाचा उपक्रम पुढे आणला आहे. त्यात एकाच पिकाचे हंगामात चार-पाच वेळा फोटो घेऊन ते एआयकडून तपासायचे आहेत. पेरणी, फुलोरा, शेंगा आणि काढणी अशी साखळी हाती असेल, तर पीक होतेच कुठे, हा प्रश्न उरणार नाही. त्यासाठी धाराशिवच्या वावरांतून एका खातेदाराला एकदा करावे लागणारे अपलोड चार-पाच वेळा करावे लागेल, तेही जिथे आज एकदा करायला बांधावरून रस्त्यापर्यंत चालत यावे लागते.